कौतिकाबाईचं फाटक

ऐकायचं असेल तर सरळ बसा आणि मधे बोलू नका. ही गोष्ट सांगायला लागलं की मला आधीच राग येतो.

फार वर्षांपूर्वी, म्हणजे किती ते विचारू नका, आमच्या सावळझिऱ्याला छोट्या लाइनीची गाडी येत असे. एक इंजिन, चार डबे, आणि म्हशी आडव्या आल्या की गार्ड खाली उतरून हाकलायचा. या लाइनीच्या फाटकावर कौतिकाबाई होती. तिचा नवरा गँगमन होता. तो गेला आणि फाटकाचं काम तिच्याकडे आलं. तिची एकुलती लेक वेणू नदीपलीकडे बेलखेडला दिलेली. नदीवर पूल एकच, तोही गाडीचा, पायी जायची सोय नाही. गाडी होती म्हणून लेक जवळ होती.

एके दिवशी स्टेशनावर कागद लागला, ‘पुढील आदेश येईपर्यंत गाडी बंद.’ गावानं त्यातलं ‘बंद’ तेवढं वाचलं आणि घरी गेलं. कौतिकाबाईनं स्टेशनमास्तरांकडून तो कागद दोनदा वाचून घेतला आणि म्हणाली, “म्हंजे आनखी एक आदेश येनार हाये. तोवर रूळ मोकळा पाह्यजे.”

तिथून वैताग सुरू झाला. आमचं गाव उतारावर. सपाट, उन्हाची जागा एकच, ती म्हणजे लाइन. पहिल्या आठवड्यात रुळावर कुरड्या आल्या, दुसऱ्यात मिरच्या, मग रुळाला शेळ्या बांधल्या गेल्या. कौतिकाबाई रोज सकाळी नवऱ्याचा हातोडा खांद्यावर टाकून निघायची, रूळ घट्ट धरणाऱ्या लोखंडी चाव्या सैल झाल्या की ठोकायची, गवत उपटायची आणि ओरडायची, “उचला वो, गाडी येऊन राह्यली!”

बाया हसत उचलायच्या आणि ती पुढे गेली की तिथेच पुन्हा घालायच्या. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. असं म्हणतात, हे बावीस वर्षं चाललं. असं म्हणतात, तिनं इकडे हाक मारली की नदीपलीकडच्या कुरड्याही उचलल्या जायच्या. तिनं रुळाखालच्या ज्या लाकडी स्लीपरवर उभं राहून शिव्या दिल्या त्याला कधी वाळवी लागली नाही, असंही म्हणतात. मला हे पटतं, कारण त्या शिव्या आमच्या घरानं खाल्ल्या आहेत.

आणि मग खरंच रेल्वेचे साहेब आले. लाइन उपटून टाकायची की जुनी गाडी पर्यटकांसाठी पुन्हा चालवायची, हे त्या एका पाहणीत ठरणार होतं. साहेब ढकलट्रॉलीवर बसून बेलखेडपर्यंत जाणार, ट्रॉली अडली तर पाहणी तिथेच संपणार. हे गावाला आठ दिवस आधी कळवलं होतं. कौतिकाबाई त्या दिवशी पहाटेच पुलाकडच्या चाव्या ठोकायला गेली.

आता एवढं सगळं माहीत असताना आमच्या शहाण्या गावानं काय करावं? साहेबांच्या स्वागताला मांडव घातला. कुठे? सपाट जागी! दोन रुळांच्या मधे बांबू ठोकले, वर कापड, खाली सतरंजी, सतरंजीवर खुर्च्या. सांगताना आजही कपाळावर हात मारावासा वाटतो.

ट्रॉली मांडवाशी येऊन अडली. साहेबांना हार घातला, खुर्चीत बसवलं. साहेबांनी समोर पाहिलं, वही काढली आणि म्हणाले, “मग पाहणी इथपर्यंतच.” सरपंच तरीही चहा चहा करत होते.

तेवढ्यात पुलाकडून आवाज आला, “उचला वो, गाडी येऊन राह्यली!”

कौतिकाबाई मांडवात शिरली. सरपंच कुजबुजले, “माय, साहेब हायेत.”

“हायेत तं काय, रुळावर बसतीन? उठा वो भाऊ!”

साहेब उठले. त्यांनी विचारलं, “बाई, कोणती गाडी येते आहे?”

“तुमचीच. अन् तुमीच आडवे बसले.”

असं म्हणतात, सोळा बांबू तिनं एकटीनं एका दमात उपटले. मग ट्रॉली निघाली ती बेलखेडला जाऊनच थांबली. वाटेत चाक कुठेही अडलं नाही.

पुढचा आदेश आला. तोही तिनं दोनदा वाचून घेतला. मग रंगवलेल्या डब्यांची गाडी शहरातली माणसं घेऊन आली, आणि एका खिडकीत वेणू होती, केस पिकलेली, “माय! माय!” म्हणून रडणारी. कौतिकाबाईनं हिरवी झेंडी तशीच धरून ठेवली. “थांब बाई, आधी गाडी जाऊ दे.” शेवटचा डबा फाटकापार झाला आणि मग ती धावली. असं म्हणतात, ती गाडीच्या आधी स्टेशनात पोचली.

आजही ती गाडी फाटकाच्या अलीकडे थांबते. रुळावर कुरड्यांचं एक ताट ठेवलेलं असतं, दर खेपेला पाळीनं एकेका घरचं. एक बाई हातोडा घेऊन पुढे येते आणि कौतिकाबाईची हाक देते. पाहुण्यांना तो खेळ वाटतो. ते टाळ्या वाजवतात, फोटो काढतात. वाजवू देत.

ती होती तोवर पहिल्या हाकेला आम्ही ताट कधी उचललं नाही. आता उचलतो.