गप्प यंत्र

"मेलं का हो हे, काकाजी?"

काकाजींनी खुर्ची पुढं ओढली.

"मी काय विचारतेय? मेलं का?"

"कोण?"

"लॅपटॉप! आणखी कोण मरणार आहे इथं?"

"दोघं तर बसलोय," काकाजी म्हणाले. "विचारून घेतलेलं बरं."

शर्वरी काळमेघला हसू आलं नाही. ती वकील होती, जन्मापासून आंधळी होती, आणि गेले काही दिवस संतापलेली होती. यातल्या तिन्ही गोष्टी तालुक्यात सगळ्यांना ठाऊक होत्या.

वामनराव टापरे, म्हणजे काकाजी, तेही आंधळेच. सगळी नोकरी टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून गेली. निवृत्त झाल्यावर वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसून ते अंधांना संगणक शिकवू लागले. पडद्यावरची अक्षरं मोठ्यानं वाचून दाखवणारा 'बोलका' कसा चालवायचा, ते शर्वरी त्यांच्याकडेच शिकली. शिकली आणि लगेच त्यांच्या पुढं गेली. तिचा बोलका इतका भरभर बोलायचा की बाकीच्यांना नुसती भुणभुण ऐकू यायची. काकाजी मात्र अजूनही तो बैलगाडीच्या चालीनं चालवत. शर्वरी त्यांना तसं तोंडावर म्हणायची.

लॅपटॉप तिनं जुना घेतला होता. आधीचा मालक जन्मपत्रिका करणारा निघाला. यंत्र सुरू केलं की ते त्या गृहस्थाच्या नावानं तिचं स्वागत करायचं. ती एखादं कलम लिहायला घ्यायची आणि बोलका मध्येच बजावायचा, "शनीची साडेसाती सुरू." अर्जात दोनदा शनी आला तेव्हा ती लॅपटॉप काखेत मारून दुकानात गेली.

"सगळं पुसून कोरं करून घ्यावं लागेल," दुकानदार म्हणाला. "घरचं कोणी डोळस नाही का सोबत? त्यांना पाठवा. तुम्हाला नाही जमायचं ते."

ते शेवटचं वाक्य पुरलं. तिनं लॅपटॉप उचलला आणि त्याला सांगितलं, "मी एकटीनं हे करेन. आणि करून झालं की पुन्हा येईन, तुमचं तोंड बघायला."



सोमवारी तिला ग्राहक आयोगापुढं लेखी युक्तिवाद द्यायचा होता. तिचा पहिला. तो या यंत्रावर लिहायचा, स्वतःच्या बोटांनी, हे तिनं ठरवून टाकलं होतं. म्हणून ती सकाळीच काकाजींच्या खोलीत आली. मदतीला नाही. साक्षीदार हवा म्हणून.

सुरुवात झोकात झाली. काय ठेवू, काय पुसू, असं यंत्रानं विचारलं. "सगळं पूस," तिनं सांगितलं. खात्री आहे का? आहे. पुन्हा विचारू? विचार. बोलका बोलत गेला, ती बोटं आपटत गेली.

मग यंत्र एकदा बंद होऊन चालू झालं… आणि बोलका गेला.

पुसण्याच्या कामात तोही पुसला जातो. हे तिला माहीत होतं. माहीत असणं वेगळं आणि त्या शांततेत बसणं वेगळं. आधी यंत्रातला पंखा घरघरत होता. तेवढा तरी आधार होता. मग पंखाही थांबला.

तेव्हा तिनं विचारलं, मेलं का.

"बटण दाबते," ती म्हणाली. "बंद करून परत चालू करते."

बोट बटणाकडं गेलं. ते बटणावर पडलंच नाही. पडलं ते काकाजींच्या हाडकुळ्या हातावर. त्यांचा तळहात आधीच तिथं येऊन बसला होता.

"काकाजी, हात काढा."

"राहू दे."

"मेलेल्याला किती वेळ धरून बसणार?"

"पुसता पुसता मध्येच वीज तोडलीस आणि ते खरंच बसलं, तर?"

तर दुकानदार. तर 'घरचं कोणी डोळस'. तर सोमवार गेला. तिनं बोट मागं घेतलं.

"हाक मारून बघ," काकाजी म्हणाले.

यंत्र नव्यानं उठलं की तीन कळा एकत्र दाबायच्या, म्हणजे यंत्राचा स्वतःचा, मूळचा बोलका जागा होतो. तीच हाक. तिनं दाबल्या.

…

"ओ दिली?"

"नाही."

"मग थांब."

"थांबू?" शर्वरी उसळली. "का म्हणून? हे बनवणारे कोण शहाणे आहेत हो? डोळसांसाठी तिथं आकडे चढत असतील, चित्रं फिरत असतील. आमच्यासाठी एक टिंग वाजवायला यांच्या बापाचं काय गेलं असतं? एक टिंग! मी जिवंत आहे, एवढं सांगायला! मंदिरात घंटा आहे, शाळेत घंटा आहे, कुल्फीवाल्याच्या गाडीला घंटा आहे. या एवढ्या अक्कलवंत यंत्राला नाही!"

"बरोबर आहे."

"तुम्हाला राग येत नाही?"

"येतो."

"दिसत नाही तो."

"तुला कसा दिसेल?"

खोलीत आता कशाचाच आवाज नव्हता. काकाजींचा श्वासही ऐकू येत नव्हता. हात मात्र बटणावर होता, हे तिला त्यांच्या बाहीच्या सुती स्पर्शावरून कळत होतं. म्हाताऱ्याला काहीतरी लागत असणार हाताला, तिनं ताडलं. खालची थरथर. नाहीतर ऊब. म्हणून एवढा निवांत.

काकाजींनी एकाएकी हाळी दिली.

"बेबीताई! जरा इकडं या बरं!"

बेबीताई खंडारे वाचनालयाच्या ग्रंथपाल. डोळस.

शर्वरी ताडकन उठली. "काकाजी, नाही! मी त्या दुकानदाराला काय सांगून आलेय? कोणाच्या डोळ्यांनी करायचं असतं तर इथं कशाला आले असते? हे फितूर होणं झालं!"

"बस."

"मी नाही बसत."

"मग उभी राहून ऐक."

बेबीताई पदराला हात पुसत आल्या. डिंकाचा वास आला, म्हणजे फाटकी पुस्तकं चिकटवत होत्या.

"काय झालं, काकाजी?"

"पडद्यावर काय दिसतं ते या पोरीला सांगा. दिसतं तेवढंच."

बेबीताई वाकल्या. चष्म्याची डबी उघडल्याचा आवाज आला.

"गोल फिरून राहिलं."

"काय गोल?"

"ठिपके हायेत बारके. एकामागं एक, गोल गोल फिरून राहिले."

शर्वरीनं न राहवून विचारलं, "आकडा? किती झालं, किती राहिलं?"

"आकडा नाही बा."

"काही लिहिलं असेल ना!"

"लिहिलं हाय. थोडा वेळ लागू शकतो म्हणते."

"थोडा म्हणजे किती?"

"ते नाही लिहिलं."

"मग ते चालू आहे की अडकलंय?"

"मले काय माईत, माय!" बेबीताई म्हणाल्या. "माझ्या मोबाइलवर बी हेच येते. फिरते, फिरते, फिरतच राहते. कधी उघडते, कधी तसंच मरते. मी तर त्याच्याकडं पाहून पाहून देवाचं नाव घेते."

शर्वरी उभीच होती.

"म्हणजे… तुम्हाला पण कळत नाही?"

"कोणाले कळते ते? माझा जावई इंजिनिअर हाय. तो बी असाच बसते तोंड पाहत."

आधी शर्वरीच्या नाकातून एक आवाज आला. मग घशातून. मग ती खुर्चीत कोसळली आणि हसतच सुटली. वर्षानुवर्षं तिला वाटत आलं होतं की पडद्यापलीकडं सगळ्या जगाला सगळं कळतं आणि दाराबाहेर फक्त तिलाच ठेवलंय. आणि तिथं काय होतं? बारके ठिपके!

"ठिपके!" ती म्हणाली. "काकाजी, नुसते ठिपके!"

"येवढं हसण्यासारखं काय हाय त्याच्यात?" बेबीताईंनी विचारलं. पण त्याही हसू लागल्या होत्या. त्यांनी स्टूल ओढलं आणि बसल्या. "आता पाहूनच जाते काय होते ते. डिंक वाळू दे."

तिघं बसली. कोणी काही विचारलं नाही. बेबीताईंनी जावयाचं एक गाऱ्हाणं सांगितलं, शर्वरीनं त्यावर फुकटचा कायदेशीर सल्ला दिला. बोलता बोलता, काही मनात न धरता, तिनं त्या तीन कळा पुन्हा दाबल्या.

यंत्र बोललं.

परक्या बाईचा आवाज, संथ, थेट काकाजींच्या बैलगाडीच्या चालीचा. कोणता देश, एवढंच विचारत होती. एरवी शर्वरीनं तिला दुसऱ्या शब्दावर तोडलं असतं. आज तिनं देशांची नावं ऐकून घेतली. अफगाणिस्तान, आल्बानिया, अल्जीरिया… कोणी इतकं गोड कधी बोललंच नव्हतं.

"बोललं गं माय!" बेबीताई ओरडल्या. "भूत बोलल्यासारखं बोललं!"

पुढचं सगळं शर्वरीनं केलं. देश सांगितला, भाषा सांगितली. हे यंत्र कोण वापरणार, असं त्यानं विचारलं. तिनं एकेक अक्षर टंकलं आणि यंत्रानं एकेक अक्षर परत म्हणून दाखवलं. पत्रिकावाला गेला. शनीही गेला.

बेबीताई पुस्तकांकडं निघाल्या. शर्वरीनं त्यांचा हात धरला, जरासा दाबला आणि सोडला. फितुरीचा विषय पुन्हा निघाला नाही.

लॅपटॉप पिशवीत घालताना ती थांबली.

"काकाजी, एक सांगा. एवढा वेळ हात ठेवून बसला होतात. काय लागत होतं हाताला? थरथर?"

"नाही."

"मग ऊब?"

"तीही नाही."

"मग ते जिवंत आहे हे तुम्हाला कळलं कसं?"

"मला कुठं कळलं होतं?"