सड्यावरचा ठसा

फार पूर्वी माणसांनी ठरवलं, वाघाच्या पायाचा ठसा दिसेल तिथवर जंगल राखायचं आणि उरलेली जागा खाणीला द्यायची.

डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळावर, म्हणजे सड्यावर, वाघ कधी फिरकत नसे. तिथली बेडकी खाली उतरून त्याला म्हणाली, "वाघोबा, एकदा आमच्याकडे येऊन जा."

"तिथे मला खायला काय आहे?"

"काही नाही. पण तुमच्या ओढ्याचं पाणी आमच्याच सड्यातून झिरपतं. सडा खणला की ओढा आटला."

वाघ वर चढला. कातळावर ठसा उमटेना. बेडकीने आपलं डबकं दाखवलं. "इथल्या चिखलात पाय द्या."

दोन दिवसांनी माणसं आली. ठसा पाहून हरखली, त्याची लांबी-रुंदी मोजली आणि सडा राखला. ठशात साचलेल्या पाण्यात बेडकीची अंडी होती. ती कुणाला दिसली नाहीत.