वाकून चेंडू टाकणारा

अमेरिकेतल्या एका गावात वेंडेल नावाचा एक कोच होता. त्याचा संघ फुटबॉल खेळायचा. आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे हं! अंड्यासारखा चेंडू पोटाशी धरून पळायचं आणि समोरच्याने त्याला आडवं पाडायचं, तो. हिवाळा सरला की तिकडचे बडे संघ विसावा घेतात आणि वसंतात छोट्या लीगचे सामने रंगतात. बड्या संघांनी घरी पाठवलेले खेळाडू तिथे बेताच्या पगारावर पुन्हा नशीब अजमावतात. कोचला मात्र त्यांच्या कितीतरी पट पगार.

तरी वेंडेलचं पोट भरेना. तो मालकाला म्हणाला, "माझा पगार वाढवा."

मालक पक्का व्यवहारी. म्हणाला, "वाढवतो की! खेळाडू कमी करा. वाचेल त्यातलं अर्धं तुमचं."

झालं! कोण नसला तरी चालेल, हे शोधताना वेंडेलची नजर ऑर्विलवर गेली. ऑर्विल ना पळायचा, ना झेलायचा. गोलाची वेळ आली की तो वाकून दोन पायांमधून चेंडू मागे टाकायचा. मागचा गडी तो जमिनीवर उभा धरायचा आणि तिसरा लाथ मारून उंच खांबांमधून पलीकडे धाडायचा. सामन्यात ऑर्विलचं काम एवढंच, तेही चार-दोनदा.

ऑर्विल काकुळतीला आला. "कोच, हंगाम संपेपर्यंत तरी ठेवा. बायकोचे दिवस भरत आलेत."

"अरे, वाकून चेंडू टाकायला वेगळा माणूस कशाला? कुणीही टाकेल!"

ऑर्विलने बूट पिशवीत भरले आणि तो निघून गेला. बाकीच्यांना वाईट वाटलं, पण आपल्यावर पाळी आली नाही म्हणून हायसंही वाटलं. माणसं अशीच असतात, काय करणार!

ऑर्विलचं काम एका धिप्पाड गड्याच्या गळ्यात पडलं. तो आधीच सामनाभर समोरच्यांशी झोंबायचा, वर आता हेही. काही सामने कसेबसे निभावले. वेंडेलचा पगार वाढला. तो खूश, मालक खूश.

मग अंतिम सामना आला. संघ दोन गुणांनी मागे होता आणि वेळ संपत आली होती. चेंडू खांबांमधून गेला की तीन गुण, म्हणजे विजय. धिप्पाड गडी वाकला. सामनाभर झोंबून त्याच्या हातांत त्राण उरलं नव्हतं. त्याने टाकलेला चेंडू धरणाऱ्याच्या डोक्यावरून भलतीकडेच गेला. सामना हातचा गेला.

दुसऱ्या दिवशी मालकाने बोलावलं. वेंडेल आत शिरतानाच म्हणाला, "त्या चेंडू टाकणाऱ्याने घात केला!"

"जाऊ द्या हो," मालक शांतपणे म्हणाला. "पुढच्या वर्षी मी आणखी एक माणूस कमी करतोय."

"कोण?"

"तुम्ही. कडेला उभं राहून ओरडायला वेगळा माणूस कशाला? कुणीही ओरडेल."

कोच काय काय करतो, हे सांगायला वेंडेलने तोंड उघडलं. तेवढ्यात त्याला ऑर्विल आठवला. ऑर्विललाही त्या दिवशी असंच काहीतरी सांगायचं असेल, हे त्याला आत्ता कळलं. त्याने गळ्यातली शिट्टी काढून टेबलावर ठेवली.

तात्पर्य: दुसऱ्याचं काम 'एवढंसं' म्हणून ज्या मापाने मोजाल, त्याच मापाने उद्या तुमचंही काम मोजलं जाईल, आणि तेव्हा तक्रार करायला तोंड उरणार नाही.