एका गाळ्यात एकच यंत्र

डोंबलेवाडीच्या बाजारात रंगू मिस्त्रीचा गाळा एवढा अरुंद, की आत फळी फिरवायची तर मिस्त्रीलाच बाहेर यावं लागे. नेमका तोच गाळा सरपंच अण्णासाहेब ढेकळ्यांना आपल्या भाच्यासाठी हवा होता. त्यांनी फर्मान काढलं, "एका गाळ्यात एकच यंत्र. जास्त दिसलं, तर गाळा खाली!"

रंगूकडे करवत, ड्रिल आणि धार लावायचं चाक. त्यातलं एकच ठेवून धंदा कसा व्हायचा? त्यानं भंगारातून शिलाई मशीनचं स्टँड आणलं, वर शाळेच्या मोडक्या बाकाची फळी ठोकली आणि खाली एक जुनी मोटार बसवली. पट्टा या पुलीवर चढवला की करवत फिरे, त्या पुलीवर ड्रिल, पलीकडच्या पुलीवर धारेचं चाक.

अण्णासाहेब तपासणीला आले. मागे भाचा, हातात नवंकोरं कुलूप घेऊन!

"मिस्त्री, मला दूधखुळा समजलास काय?"

"अण्णा, टेबल एक, मोटार एक."

"पण कामं तीन करतंय ना? मग यंत्रंही तीनच!"

रंगूनं हात जोडले. "मग चुकलंच माझं. तुम्ही सरपंच, डेअरीचे चेअरमन आणि देवस्थानचे अध्यक्ष. उद्याच्या सत्काराला मी तुमच्यासाठी एकच खुर्ची केली. आता तीन मांडतो. तिन्हींवर एकदम कसं बसायचं, तेवढं तुम्ही बघा."

सगळा बाजार खो खो हसला. अण्णासाहेबांनी टेबलाभोवती उगाच एक चक्कर मारली, घसा खाकरला.

"यंत्र एकच आहे," ते म्हणाले. "आणि खुर्चीही एकच राहू दे. फक्त जरा रुंद कर!"