पाठीला मिशी लागेपर्यंत

त्या राज्यात कुणालाही वाट जन्मतः ठाऊक नसे. वारुळापासून खळ्यापर्यंतचा रस्ता प्रत्येक मुंगीला शिकवावा लागे, आणि शिकवण्याची रीत एकच होती. बाई पुढे, शिकणारी मागे. मागचीने आपली मिशी बाईंच्या पाठीला लावली की बाईंनी एक पाऊल टाकायचं. नाही लावली तर जागेवर उभं राहायचं. झालं, एवढंच शास्त्र.

पण त्या शास्त्राने पोट भरत नसे. जी ओझं वाही तिला आख्खा दाणा मिळे आणि बाईच्या वाट्याला कोंडा येई. म्हणून शहाण्या आया पोरींना ओझेकरणींच्या रांगेत घालत, आणि जिला कुठेच थारा मिळाला नाही ती बाई होई. शिकवीही तशीच. मागची मागे राहिली तर राहिली, हिची चाल आपली सुरूच! वाट चुकून मेलेल्या पोरींची नावंसुद्धा कुणी विचारत नसे.

सगुणा त्यांच्यातच जमा व्हायची. तिला पाच पाय होते. सहावा लहानपणी खड्याखाली गेला होता. 'पाचपायी' म्हणून सारं वारूळ तिला चिडवी. दोन बायांनी तिला अर्ध्या वाटेत टाकली होती. तिसऱ्या मथूबाई. त्यांच्या मागून जाताना वाऱ्याच्या एका झोताने पोर लांब फेकली गेली आणि अर्धा दिवस रडत भटकली. मथूबाई होत्या तिथेच उभ्या. "बाई, किती वेळ खांबासारख्या उभ्या राहणार? गेली ती पोर!" येणाऱ्याजाणाऱ्या म्हणत. ऊन कललं तेव्हा सगुणा कशीबशी परत आली आणि तिने त्या पाठीला मिशी लावली. आता बोलणी बसणार म्हणून तिने अंग चोरलं. बाईंनी नुसतं पुढचं पाऊल टाकलं.

त्या एका पावलाने पोरीचं वाटोळं झालं म्हणा, नाहीतर सोनं झालं म्हणा. वयात आल्यावर ती आईला म्हणाली, "मला बाई व्हायचंय."

आईने कपाळावर हात मारला. "अगं, ओझेकरणींच्या मुकादमिणीच्या पाया पडले मी तुझ्यासाठी! कोंडा खाऊन मरायचंय का तुला?"

"मथूबाईंशिवाय माझ्यासाठी आजवर कुणी थांबलंच नाही गं," सगुणा म्हणाली.

पंचांनी परीक्षा ठरवली. बाभळीची सावली खळ्याच्या पहिल्या दगडाला शिवायच्या आत एका शिकणारीला घेऊन तिथे पोचायचं. नाहीतर जन्मभर कचरा उपसायचा. पाचपायीच्या मागे आपली पोर कोण धाडणार? सगुणा सकाळपासून वारुळाच्या तोंडाशी ताटकळली. शेवटी चाचपडत मथूबाई आल्या. त्यांची नजर गेली होती, आणि जन्मभर दाखवलेली वाट त्या साफ विसरल्या होत्या.

"सगुणे, मला ने गं खळ्याला. काही आठवत नाही बघ आता."

पंच हसले आणि पुढे दगडाकडे निघाले. पण शिकणारी तरुणच हवी असं कुठे ठरलं नव्हतं.

दोघी निघाल्या. मिशी लागे, पाऊल पडे. पुढे पुढे मिशी उशिरा लागू लागली. "सावकाश या, बाई," सगुणा म्हणे, "मला कुठे घाई आहे?" खोटं बोलत होती. सावली सरकताना तिला दिसत होती.

दगड चार पावलांवर राहिला आणि मिशी लागली नाही. सगुणा थांबली. मागे मथूबाई कुशीवर कलंडल्या होत्या. सगुणाला कळलं नसेल असं समजू नका. तिला सगळं कळलं होतं. तिच्या डोळ्यांना धार लागली होती.

"पोरी, आता कुठली लागतेय ती मिशी!" दगडावरून पंच कळवळून ओरडले. "चार पावलं टाक आणि हो बाई!"

सावली दगडावर चढली. पंच हळहळत निघून गेले.

सगुणा हलली नाही. म्हाताऱ्या बाईंना मान उंच करावी लागू नये म्हणून पाठ किंचित खाली वाकवून ती उभी होती. शेजारून ओझेकरणींची रांग चालली होती. त्यातली एक पोर तिच्याकडे पाहत थबकली, आणि तिने डोक्यावरचा दाणा हळूच खाली ठेवला.