करवंदीनं बुजवलेली वाट

फार वर्षांपूर्वी डोंगराच्या पायथ्याशी सागाचं एक बन होतं. बनापलीकडचा माळ कोणा एकाचा नव्हता. पण एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला डोह, त्यामुळे माळावर जायची वाट बनातूनच होती. तांबडी नावाची रानकुत्री आपला कळप घेऊन रोज तिथून शिकारीला जाई.

एकदा सांबराच्या मागे धावताना कळपाच्या पायांखाली सागाचं एक रोप मोडलं. थोरला साग चिडला.

"चुकलं आमचं," तांबडी म्हणाली. "यापुढे बनातून चालत जाऊ."

"यापुढे जायचंच नाही. ही जमीन आमची आहे."

"पण माळ सगळ्यांचा आहे ना, दादा?"

"मग माळावर खुशाल जा. माझ्या अंगणातून नको."

सागाच्या सांगण्यावरून करवंदीनं काटेरी फांद्या पसरून वाट बुजवली.

बनात आता कोणी पाठलाग करत नाही, हे माळावरच्या सांबरांना लवकरच कळलं. ती बनातच राहायला आली. आधी त्यांनी रोपं खाल्ली, मग झाडांच्या साली सोलायला घेतल्या.

पाच-सहा पावसाळ्यांनंतर सागानं करवंदीला बाजूला व्हायला लावलं. काट्यांबाहेर, वाटेच्या तोंडाशी तांबडी एकटीच बसली होती. तिचे दात पडले होते.

"ये बाई," साग म्हणाला. "पोरांनाही बोलाव."

"पोरं केव्हाच नदीपार गेली. इथून वाट होती, हे त्यांना ठाऊकच नाही."

तरी ती उठली आणि कबूल केल्याप्रमाणे जपून पाय टाकत बनात शिरली. मोडायला एकही रोप उरलं नव्हतं. सांबरांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा साल सोलायला सुरुवात केली.