दवंडीवाल्याचं सूप

फार फार मागची गोष्ट. एका गावात एक माळीण होती आणि तिचं कुणीच खरं मानलं नाही. मानलं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

त्या गावाला राजा नव्हता. सगळे पारावर जमायचे, हात वर करायचे. जास्त हात पडतील ते ठरलं. काय ठरवायचं ते दवंडीवाला आधी सांगायचा. रीत अशी, की दवंडी ऐकायला जो दाराबाहेर येईल, त्यानं त्याच्या सुपात पसाभर धान्य घालायचं.

तळ्याचा पाट वरच्या आळीतून खाली यायचा. वरचे हवं तेवढं पाणी घ्यायचे, खाली नुसता चिखल पोचायचा. खालच्या आळीतली ही माळीण दवंडीवाल्याला म्हणाली, "बाबा, एवढं सांग. पाणी पाळीनं वाटायचं, पुनवेला हात वर करा. नाहीतर आम्हाला गाव सोडावं लागेल. पाटाचा गाळ दरसाल आम्हीच काढतो. आम्ही गेलो तर वरचेही कोरडे पडतील."

त्यानं तसं सांगितलं. दोन म्हाताऱ्या बाहेर आल्या. सुपाचा तळसुद्धा झाकला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं हलगी बडवली, "माळीण वरच्यांचं पाणी तोडणार हो!" वरची आळी धावली, सूप भरलं. मग खाली जाऊन म्हणाला, "वरच्यांनी माळणीला चोर म्हटलं हो!" खालची आळी धावली, पुन्हा भरलं.

माळणीनं त्याला गाठलं. "मेल्या, पाळीचं काय झालं?"

"मावशे, पाळीला कोण दाणे घालतं? मलाही पोट आहे."

पुनवेला पार गच्च भरला. कोण कुणाला काय म्हणालं, एवढंच चाललं. "पाळीसाठी हात वर करा," माळीण सांगत राहिली. हात वर झाले, ते एकमेकांवर उगारायला.

उन्हाळ्यात खालची आळी उठून गेली, माळीणही गेली. पुढच्या साली पाट गाळानं बुजला. वरची आळी कोरडी पडली.

मग लोकांनी दवंडीवाल्याला धरलं. "तूच आम्हाला भांडायला लावलंस."

"पाळीचीही दवंडी दिली होती मी," तो म्हणाला. "तेव्हा का नाही आलात?"

त्यानं हलगी गळ्यात अडकवली. "दोष कुणाचा, ते नाव उद्या सांगतो हो!"

दुसऱ्या दिवशी झाडून सगळे आले, कोरड्या घशानं, उरलेसुरले दाणे ओंजळीत घेऊन.

लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: जे गाव भांडणालाच दाणे घालतं, त्याला आपल्या भल्याची दवंडी कधी ऐकू येत नाही.

सूप भरलं. त्यानं माळणीचं नाव घेतलं: भिवरा.